माव्याला पाकीट नसतं

दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली जाहिरात लेखन येतं. सुबक चौकट, ठळक मथळा, दोन यमकं, एक ‘त्वरा करा’, खाली पत्ता. पाठ करून गेलं तरी गुण मिळतात आणि बहुतेक पोरं पाठ करूनच जातात. शनिशिंगणापूरच्या शेजारच्या शाळेत मी मराठी शिकवते. इथल्या पोरांना विकायची जाहिरात शिकवायची खरं तर काही गरज नाही. घोडेगावहून आत वळलेल्या गाडीमागे लटकू, म्हणजे दुकानांचे दलाल, कसे धावतात, पार्किंग फुकट, चपला ठेवायची सोय फुकट असं सांगत भाविकाला कुठल्या दुकानाशी नेऊन उभं करतात, तेल, नारळ, रुईच्या पानांचा हार मांडलेलं तेच ताट कुणाला किती रुपयांना पडतं, हे सगळं त्यांनी घरच्या बोलण्यातून ऐकलेलं असतं. कुणाचा काका दुकानात, कुणाचा भाऊ पार्किंगला.

नववीतल्या एकाने मला एकदा धंद्याचं गणित समजावलं. “मॅडम, आधी नंबरप्लेट बघायची. डीएल, एचआर असली की हिंदी. टीएस, एपी असली की तेलुगूतले चार शब्द. एमएच बाराला जास्त बोलायचं नाही, ते लोक भाव करत बसतात.” जाहिरातीवरच्या पुस्तकांना ज्यासाठी दोन प्रकरणं लागतात ते त्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं. समोर कोण आहे ते आधी बघायचं, मग तोंड उघडायचं.

त्याच वर्गाला मी सांगितलं, काहीही विकायचं नाही अशी एक जाहिरात लिहून आणा. वह्या आल्या. ‘झाडे लावा, झाडे जगवा’, ‘पाणी हेच जीवन’, ‘व्यसन सोडा, संसार जोडा’. नंबरप्लेट वाचणारा पोरगाही झाडे लावून मोकळा झाला होता. कुणी लावायची, कुठे लावायची, वैशाखात पाणी कोण घालणार, याचा पत्ता नाही. नफ्याची गोष्ट आली की ज्यांचं डोकं तरतर चालतं, ती पोरं भल्याची गोष्ट आली की भिंतीवरची ओळ उतरवून काढतात. ही सवय त्यांना शाळेने लावली आहे. प्रत्येक ‘दिना’ला एक घोषवाक्य स्पर्धा, एक प्रभातफेरी, एक फोटो. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, हे सांगितलं की बाहेरच्या लोकांना हसू येतं.

तेव्हापासून मी जनहितार्थ जाहिराती धड्यासारख्या शिकवायला घेतल्या. साधन म्हणाल तर वर्गातला टीव्ही, वीज नसली तर माझा मोबाइल, आणि भिंतीवर रंगवलेली घोषवाक्यं तर फुकटच असतात. पहिल्यांदा जाहिरात आवाज बंद करून दाखवायची. मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकवायचा. मग दोन्ही. पोरांना विचारायचं: बोलतंय कोण? कुणाशी बोलतंय? आणि ऐकणाऱ्याने उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं येतात. तिसऱ्यापाशी मोठ्या मोठ्या जाहिराती अडखळतात, आणि तिथेच खरा तास सुरू होतो.

गृहपाठ म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या आठवणीतली सरकारी जाहिरात विचारून यायला सांगते. यातून येणारा ऐवज कुठल्या पुस्तकात मिळायचा नाही. सत्तर पार केलेल्या बऱ्याच आजोबांना एकच गोष्ट आठवते: देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा, हे भिंतीवरचं आवाहन. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. पन्नास वर्षांनीही आजोबांना ओळ पाठ आहे, कारण तिच्यात काम सांगितलंय आणि दामही सांगितलाय. तेव्हाच्या हजार रुपयांत काय काय यायचं याची यादीही एका आजोबांनी नातवाजवळ दिली. त्यात बैलजोडीवर घोळ झाला आणि वर्गात अर्धा तास बैलांच्या किमतीवर गेला. गेला तर गेला.

कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाचं मात्र पोरं खाली मान घालून सांगतात. ‘दोन किंवा तीन पुरेत’ हे आजीला पाठ होतं आणि आजीला मुलं सहा. एका आजीने त्यावर उत्तर पाठवलं, ती भिंत शेतात जायच्या वाटेवर होती, ती वाचायची पुरुषांनी. तिसऱ्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. तिने जाहिरातीचा अर्थ समजून घेतला होता, निर्णय तिच्या हातात नव्हता, आणि ज्याच्या हातात होता तो त्या भिंतीपाशी तंबाखू मळत उभा राहायचा.

पोलिओची जाहिरात सगळ्यांना ठाऊक असते. ‘दो बूंद जिंदगी की’ म्हणणारा अमिताभ काही जाहिरातींत चक्क रागावतो. डोस पाजायला आणलं नाही म्हणून रागावतो. त्यावर वर्गात कायम दोन तट पडतात. मुली म्हणतात, आईवर ओरडून काय मिळणार? मुलं म्हणतात, ओरडल्याशिवाय कुणी ऐकतं का? पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. यश जाहिरातीचं की दारोदार फिरलेल्या आशाताई-अंगणवाडीताईंचं, हा प्रश्न मी मुद्दाम उघडा ठेवते. बऱ्याच पोरांच्या आया किंवा मावश्या अंगणवाडीत आहेत, त्या घरी जाऊन याचा निकाल लावतात.

सगळ्यात जास्त तास मात्र मुकेशच्या जाहिरातीवर गेले आहेत. सिनेमा सुरू होण्याआधी एकेकाळी दिसायचा तो तरुण. पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करतात, मधल्या सुट्टीत एकमेकांना मुकेश म्हणून चिडवतात. ती जाहिरात गंमतीची गोष्ट होऊन बसली आहे, आणि हे मी पोरांच्या माथी मारत नाही. तीच ती चित्रं शंभर वेळा दाखवली की भीतीची चेष्टा होते, हे माणसाच्या स्वभावातच आहे. मी एवढंच सांगते की मुकेश हराणे आपल्या भुसावळचा. वयाच्या चोविसाव्या वर्षी, २००९ मध्ये, तोंडाच्या कॅन्सरने मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेला. नट नव्हता. चित्रीकरण झालं तेव्हा तो तिथे रुग्ण होता. भुसावळ म्हटल्यावर वर्गाचं बसणं बदलतं. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग तो हिंदीत का बोलतो?” देशभर दाखवायची म्हणून, असं मी म्हटलं. पोरगा म्हणाला, “मग ती देशाला सांगतीय. आमच्या पप्पांना नाही.”

त्याचे वडील ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर. पोराचं म्हणणं असं की मुकेश गुटख्याचं सांगतो, पप्पा म्हणतात मी गुटखा कुठे खातो, मी तर मावा खातो.

अहिल्यानगर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घासून प्लॅस्टिकच्या कागदात बांधलेली पुडी म्हणजे मावा. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली. मावा त्याआधीही होता आणि पोलिसांच्या धाडींच्या बातम्या येत राहिल्या तरी टपरीवर आजही मिळतो. मी वर्गात सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पुडीवरचा इशारा दाखवला. पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असला पाहिजे, हा नियम एप्रिल २०१६ पासून आहे. व्यसन सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा फुकट क्रमांकही त्यावर छापलेला असतो. ट्रॅक्टरवाल्याच्या पोराने पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, पण माव्याला पाकीटच नसतं.”

आपल्याकडच्या तंबाखूविरोधी प्रचाराची सगळी भिस्त दोन जागांवर आहे, पडदा आणि पाकीट. आमच्या भागातला माणूस सिनेमा मोबाइलवर बघतो, तिथे मुकेश बोटाने पुढे सरकवता येतो, आणि मावा खातो त्याला छापायला जागाच नाही. म्हणजे कायदा आहे, चित्र आहे, फोन नंबर आहे, आणि ज्याला गरज आहे त्याच्या हातात यातलं काहीच पडत नाही. तंबाखू नियंत्रणावरच्या प्रशिक्षणांत मी बसलेली आहे. तंबाखूमुक्त शाळेचे नऊ निकष मला पाठ आहेत, शंभर यार्डांची पिवळी रेघ आम्हीही मारली आहे. पण माव्याला पाकीट नसतं, हे मला तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही त्या वर्गात माव्याची जाहिरात करायला बसलो. छापायची कुठे? प्लॅस्टिकवर? टपरीवाला कशाला छापील. टपरीच्या फळीवर? तो काढून टाकेल. कॅन्सरचा फोटो? पप्पा म्हणतील, आमच्या आज्याने नव्वद वर्षं तंबाखू खाल्ला. मावा सोडा, असं सांगावं? मुलींनीच हाणून पाडलं. आई रोज सांगते, फरक पडत नाही, आपण सांगून काय पडणार. मी तिसरा प्रश्न पुन्हा फळ्यावर लिहिला. उद्या सकाळी नेमकं काय करायचं?

पुडी टपरीवरून घरी येते कशी, तिथून ते बाहेर पडलं. पोरं आणतात. “जा रे, एक मावा घेऊन ये.” हात वर करा म्हटल्यावर जे हात वर झाले ते बघून मला बोलायला सुचेना. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा पदार्थ विकायचा नाही, असं २००३ चा कायदा सांगतो. तो कायदा विकणाऱ्याशी बोलतो, पाठवणाऱ्याशी नाही. आमच्या जाहिरातीला माणूस सापडला आणि मागणीही सापडली.

पुडीएवढा कागद कापला. पुडीसारखीच घडी, वर तसंच रबर. आत पोराच्या हस्ताक्षरात एकच ओळ: ‘मावा तुमचा. आणायला मी का?’ वडिलांनी पाठवलं की पैसे परत द्यायचे आणि ही पुडी हातात ठेवायची. हे करायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवायचं, असं मी बजावून सांगितलं होतं, कारण प्रत्येक घरात असली गंमत चालत नाही. काहींनी पुड्या दप्तरातच ठेवल्या आणि त्यांना मी काही विचारलं नाही. एकाचे वडील हसले. एकाला धपाटा मिळाला. पालकसभेत एका गृहस्थांनी मला सगळ्यांसमक्ष विचारलं, “मॅडम, पोरांना मराठी शिकवता का घरात भांडणं लावता?” आणि ट्रॅक्टरवाल्याच्या पोराने येऊन सांगितलं की पप्पा आता स्वतः जातात आणायला. खातात तेवढाच.

ही जाहिरात यशस्वी झाली का, यावर वर्गात भांडण झालं. मावा सुटला नाही म्हणजे फुकट गेली, असं एका गटाचं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, आपण मावा सोडा म्हटलंच नव्हतं, पोराला पाठवू नका म्हटलं होतं. जे मागितलं ते मिळालं. माझं मत दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे.

ओटीपीच्या जाहिरातींतली फटही पोरांनीच दाखवली. आमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घराला चौकट आहे, दार नाही. कुत्रं आत येऊ नये म्हणून रात्री फळी लावतात. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली तेव्हा कुलूप नसलेली बँक म्हणून देशभर बातम्या झाल्या. शाखेला काचेचं दार आहे आणि त्याला दिसणारं कुलूप नाही, विजेवर चालणारी व्यवस्था आहे. गावाची श्रद्धा अशी की इथे चोरी करणारा शीव ओलांडून जाऊच शकत नाही. अशा पोरांना मी रिझर्व्ह बँकेची जाहिरात दाखवली, फोन लावल्यावर ऐकू यायची ती सायबर फसवणुकीची धूनही वाजवली. एक मुलगी म्हणाली, “देव शिवेतल्या चोराला धरतो. पण मॅडम, हा चोर शिवेत येतच नाही ना.”

मला वाटलं, हिच्या एका वाक्यावर अख्खी मोहीम उभी राहील. २०२५ मध्ये देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांना फसवल्याचं प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं, तेव्हा त्या वर्गातली पोरं कॉलेजात होती. तिने मला बातमीचं कात्रण मोबाइलवर पाठवलं, सोबत नुसता हसरा चेहरा.

पुढच्या तुकडीने याच जाहिरातीला दुसरीकडून गाठलं. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली आणि घरोघरी आईच्या मोबाइलवर आलेला ओटीपी पोरांनी वाचून दाखवला. कुणी सेतू केंद्रात, कुणी शेजारच्या दादाला. जाहिरात म्हणते ओटीपी कुणालाही सांगू नका. मग सेतूवाल्याला सांगायचा की नाही? एकीकडून सरकार सांगतं की द्या, दुसरीकडून सांगतं की देऊ नका. दोन्हींमधला फरक समजावणारी ओळ एकाही जाहिरातीत आम्हाला सापडली नाही. शेवटी पोरांनी स्वतःच लिहिली, आणि ती आईला उद्देशून नव्हती. ज्याला इंग्रजी आकडे वाचता येतात त्या बारा-चौदा वर्षांच्या भावंडांना उद्देशून होती: मेसेज पूर्ण वाच, पैसे जाणार आहेत असं त्यात लिहिलं असेल तर आकडा वाचूच नकोस, आणि गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० लाव.

एका प्रसंगाबद्दल मी फारसं बोलत नाही, पण इथे लिहिते. २०१६ चा जानेवारी. शनीच्या चौथऱ्यावर बायकांनी जायचं की नाही, यावरून गावात पोलीस, वाहिन्यांच्या गाड्या, आंदोलनं. गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, चौथरा बायकांना खुला झाला. तोवरचे दोन-तीन महिने वर्गात दोन्ही बाजूंची घरं बसलेली होती. भिंतीवर आमच्याच शाळेने रंगवलेलं ‘लेक वाचवा, लेक शिकवा’ होतं. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “ही जाहिरात कुणाशी बोलते? आमच्याशी की पप्पांशी?” मी तो प्रश्न फळ्यावर घेतला आणि वर्गाला वाक्याचा कर्ता शोधायला सांगितला. कर्ता अध्याहृत, म्हणजे वाचणारा बाप. लेक हे कर्म. मग मुलींना सांगितलं, लेक कर्ता होईल असं वाक्य लिहा. काय काय आलं ते मी इथे देणार नाही, त्यातली काही वाक्यं घरी पोहोचली असती तर पोरींना त्रास झाला असता. चौथऱ्यावरचा वाद मी वर्गात घडवला नाही. शिक्षिकेने पोरांना आईबापांविरुद्ध उभं करू नये, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. जाहिरातीच्या वाक्यापुरतं बोलले, पण ते पुरतं बोलले.

आता कंपन्यांच्या ‘सामाजिक’ जाहिराती. २०१३ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात एका साबणाच्या कंपनीने पोळ्यांवरच हात धुतलेत का, असा छाप उमटवला होता, साबणाच्या नावासकट. पोरांना हे फार आवडतं, कारण तेल-नारळाच्या रस्त्यावर वाढलेल्या पोरांना कल्पकता लगेच कळते. सांगणं भल्याचं, विकायचा साबण. यात काही वावगं नाही, असं दुकानदारांच्या पोरांचं एकमुखी मत पडतं. मला ते पूर्ण पटत नाही. नाशिकचा कुंभ तोंडावर आहे, तेव्हा हा वाद आम्हाला अजून पुरेल.

मराठीच्या शिक्षकांना एक विनंती करायची आहे. पुढच्या वेळी घोषवाक्य स्पर्धा घ्याल तेव्हा ‘व्यसनमुक्ती’, ‘स्वच्छता’ असे विषय देऊ नका, माणूस द्या. टपरीवर पोराला पाठवणारा बाप, रिफ्लेक्टर न लावता रात्री दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला, सेतू केंद्रातल्या रांगेत उभी आई. बक्षीस त्या कागदाला द्या जो त्या माणसाच्या हातात पोहोचला. शाळेच्या व्हरांड्यात लावलेलं पोस्टर फक्त साहेबांच्या भेटीच्या दिवशी वाचलं जातं, आणि साहेब काही मावा आणायला पोराला पाठवत नाहीत.